थंडाव्याचा ताळेबंद

चैत्राची चाहूल लागली की खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावायचे आणि सायंकाळी अंगणात पाणी शिंपडायचे, ही विदर्भातील जुनी रीत. आज अनेक घरांत त्या पडद्यांची जागा वातानुकूलन यंत्राने, म्हणजेच नित्याच्या बोलीतील 'एसी'ने घेतली आहे. यंत्र घेताना किंमत, सवलत आणि मासिक हप्ता यांचा काटेकोर विचार होतो. परंतु हप्ते फिटल्यानंतरही वीजबिलाच्या रूपाने जी वसुली चालू राहते, तिचा हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो.

उष्णतेची वाहतूक

एसी थंडी निर्माण करीत नाही. तो खोलीतील उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो. आतील गार नळ्यांवरून हवा खेळते, तिची उष्णता नळ्यांतील शीतक वायू शोषून घेतो, कॉम्प्रेसर त्यावर दाब देतो आणि बाहेरच्या यंत्रातून ती उष्णता वातावरणात सोडली जाते. या मार्गात कोठेही अडथळा आला की तेवढ्याच गारव्यासाठी कॉम्प्रेसरला अधिक राबावे लागते. निगेची सारी सूत्रे या एका गोष्टीत सामावलेली आहेत.

पहिला अडथळा धुळीचा. आतील यंत्राची जाळी धुळीने भरली की हवेचा प्रवाह मंदावतो. स्वच्छ जाळीमुळे एसीचा वीजवापर ५ ते १५ टक्क्यांनी घटू शकतो, असे अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचे सांगणे आहे. एसीवरील तारांकित पट्टीवर वर्षाला १,६०० तास वापर गृहीत धरून विजेचे युनिट छापलेले असतात. समजा तो आकडा १,००० आहे आणि युनिटचा दर आठ रुपये आहे. तर वार्षिक खर्च आठ हजार रुपये होतो. त्यातील दहा टक्के, म्हणजे आठशे रुपये, केवळ धुळीपायी जातात. जाळी काढून साध्या पाण्याखाली धुवावी, सावलीत पूर्ण वाळवावी आणि परत बसवावी; पंधरा मिनिटांच्या या कामाला कारागीर लागत नाही. ऐन हंगामात दर पंधरवड्याला ते करावे.

'गॅस संपला' या वाक्याची किंमत

दर उन्हाळ्यात कारागीर येतो, 'गॅस कमी झाला आहे' असे सांगतो, भरून देतो आणि काही हजार रुपये घेऊन जातो. पुढील वर्षी पुन्हा तोच प्रसंग. वास्तविक शीतक वायू हे इंधन नव्हे. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. वापराने संपत नाही. तो कमी झाला असेल तर कोठेतरी गळती आहे. ती शोधून बुजवावी, नळ्या निर्वात कराव्यात आणि कंपनीने यंत्रावर नमूद केलेल्या वजनाइतकाच वायू वजनकाट्यावर मोजून भरावा. गळती न बुजवता भरलेला वायू म्हणजे फुटक्या घागरीत ओतलेले पाणी होय. गारवा कमी होण्याचे कारण पुष्कळदा मळलेली जाळी किंवा बरबटलेल्या नळ्या एवढेच असते. म्हणून आधी सफाई आणि मग गॅसची तपासणी, हा क्रम ग्राहकाने आग्रहाने पाळावा.

येथे सुरक्षिततेचाही प्रश्न आहे. आताच्या घरगुती यंत्रांत वापरला जाणारा आर-३२ हा वायू सौम्य ज्वलनशील आहे, तर काही यंत्रांतील आर-२९० म्हणजे प्रत्यक्ष प्रोपेनच. एका वायूच्या यंत्रात दुसरा वायू भरणे किंवा अप्रशिक्षित हातांनी नळ्यांना आंच देणे धोक्याचे ठरते. थोडक्या पैशांची बचत करण्याची ही जागा नव्हे.

बाहेरची बाजू आणि आतली सवय

बाहेरच्या यंत्राभोवती हवा मोकळी खेळली पाहिजे. त्यावर कपडे वाळत घालणे किंवा ते लोखंडी पिंजऱ्यात कोंडून टाकणे म्हणजे उष्णतेचा मार्ग अडविणे होय. मुंबई, चेन्नईसारख्या किनारपट्टीवर खारी हवा त्याचे पत्रे व नळ्या गंजविते. उत्तरेत धूळ थर धरते. म्हणून वर्षातून किमान एकदा, हंगामापूर्वी, जाणकाराकडून धुलाई करून घ्यावी. आत पाणी ठिबकत असेल तर निचऱ्याची नळी तुंबलेली असण्याचा संभव अधिक.

तापमानाच्या निवडीतही बचत आहे. १८ अंशांवर लावल्याने खोली लवकर गार होते हा समज चुकीचा आहे. यंत्र केवळ अधिक वेळ राबते. एक अंश वाढविल्यास सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे म्हणणे आहे. २०२० च्या जानेवारीपासून तारांकित एसी सुरू होताच २४ अंशांवर यावा, असा नियम आहे तो याचसाठी. २४ ते २६ अंश, जोडीला मंद पंखा, ओढलेले पडदे आणि बंद दारे एवढ्यावर बहुतेक घरांचे भागते.

थेंबे थेंबे तळे साचते, ही म्हण ठेवीदाराला सांगावी लागत नाही. थेंबाथेंबाने तळे रितेही होते, एवढेच एसीच्या निमित्ताने ध्यानी ठेवावे. पंधरवड्यातून एकदा धुतलेली जाळी, हीही एक आवर्ती ठेवच आहे.