पुढच्या वर्षी किती येईल?

एका नगरपरिषदेच्या कर विभागात मी एकतीस वर्षे नोकरी केली. घरपट्टीची बिले काढायची, ती वाटायची आणि मार्च महिना आला की वसुलीसाठी दारोदार हिंडायचे, हा आमचा उद्योग. या काळात लोकांचा राग पुष्कळ पाहिला, शिव्याही खाल्ल्या. त्याचे काही वाटत नसे. पण खिडकीशी आलेला एखादा पेन्शनर पैसे मोजून झाल्यावर, पावतीची घडी घालता घालता विचारी, "साहेब, पुढच्या वर्षी किती येईल?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नसे. माझ्या साहेबांकडेही नसे.

श्रोतेहो, हाच प्रश्न मला पुन्हा भेटला तो थेट कॅलिफोर्नियात. २०१८ साली मी मुलाकडे सनीव्हेल या गावी राहायला गेलो होतो. त्याने दोन वर्षांपूर्वी बारा लाख डॉलरला घर घेतले होते. शेजारचे घर त्याच नकाशाचे, तेवढ्याच जागेवरचे. तिथे एक निवृत्त शिक्षिका एकट्याच राहत. एका संध्याकाळी कुंपणापाशी गप्पा निघाल्या आणि जुन्या सवयीने मी घरपट्टीची चौकशी केली. मुलाला वर्षाला सुमारे साडेबारा हजार डॉलर भरावे लागत होते. बाईंना बाराशेच्या आसपास. मला वाटले, ऐकताना माझ्याकडून एक शून्य राहिले. मुलाला पुन्हा विचारले. शून्य राहिले नव्हते. शेजारशेजारच्या सारख्या घरांना दहापट फरकाची बिले मी काढली असती, तर मुख्याधिकाऱ्यांनी मला त्याच दिवशी घरी बसवले असते!

हा फरक कोणाच्या चुकीचा नव्हता. तो मतदारांनी स्वतः मत देऊन घटनेत लिहून घेतला होता. कसा, ते सांगतो.

तिकडे घरपट्टी घराच्या बाजारभावावर बसे. हे मूल्य ठरवण्याचे काम काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, मूल्यांकन अधिकाऱ्याकडे. १९६५ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोत या खात्यातले लाचेचे प्रकरण उघडकीस आले. व्यापाऱ्यांकडून पैसे घेऊन त्यांची मूल्ये कमी दाखवली जात होती. राज्याने १९६६ मध्ये कायदा केला की, सर्व मालमत्तांना एकच प्रमाण लावा. वरकरणी हे न्यायाचेच होते. पण तोवर राहत्या घरांचे मूल्यही दुकाने-कचेऱ्यांच्या मानाने पुष्कळ कमी धरलेले असे. नियम सरळ झाला आणि बोजा घरमालकांवर आला. मग लोकांनी मोटारींवर पट्ट्या चिकटवल्या, त्यांचा आशय असा की, तो लबाड अधिकारीच आम्हाला परत द्या!

पुढे सत्तरच्या दशकात घरांच्या किमती भराभर चढल्या. पगार तेवढे वाढले नाहीत, पेन्शन तर नाहीच. घर विकायचे नसलेल्या माणसाला त्याची किंमत वाढून काय मिळते? वाढीव बिल! नेमक्या त्याच वेळी राज्याच्या तिजोरीत सुमारे पाच अब्ज डॉलरची शिल्लक साठली होती. गव्हर्नर होते जेरी ब्राउन. काटकसरी म्हणून त्यांची ख्याती. विधिमंडळात सवलतीच्या योजनांवर चर्चा झाल्या, पण वेळेवर काही ठरले नाही. लोकांच्या मनात एकच गणित बसले: सरकारपाशी पैसा पडून आहे आणि आमच्या घरावर टाच येते आहे.

त्या राज्यात पुरेशा सह्या गोळा केल्या तर नागरिक स्वतः घटनादुरुस्तीचा प्रस्ताव मतदानाला टाकू शकतात. हॉवर्ड जार्विस आणि पॉल गॅन या दोघांनी तेच केले. हाच तो प्रसिद्ध 'प्रपोझिशन १३'. त्यातल्या गोष्टी सोप्या होत्या. कर मालमत्तेच्या मूल्याच्या एक टक्क्याहून जास्त नको. जुन्या घरांचे मूल्य १९७५-७६ सालचे धरा. पुढे ते वर्षाला फार तर दोन टक्क्यांनी वाढवा. घर विकले गेले तरच नव्या किमतीने मोजा. शिवाय राज्याला कोणताही कर वाढवायचा असेल तर दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मते लागतील.

गव्हर्नरांनी विरोध केला आणि विधिमंडळाने एक सौम्य पर्यायी प्रस्ताव पुढे आणला. पण मतदानाच्या तोंडावर, मे महिन्यात, लॉस एंजेलिसमधल्या नव्या मूल्यांकनाचे आकडे बाहेर आले. अनेक घरांची मूल्ये दुपटीच्या घरात गेली होती. ६ जून १९७८ रोजी 'प्रपोझिशन १३' सुमारे ६५ टक्के मतांनी मंजूर झाला. आता ब्राउन यांचे काय झाले असेल? ते पडले असतील, असेच कोणालाही वाटेल. पण निकाल लागताच त्यांनी तो निर्णय आपलाच असल्यासारखा अमलात आणला, खर्चाला कात्री लावली, नोकरभरती थांबवली. नोव्हेंबरमध्ये तेच मतदार पुन्हा मतदानाला गेले आणि त्यांनी ब्राउन यांनाच मोठ्या फरकाने निवडून दिले.

मी बाईंना विचारले, तुम्ही कोणत्या बाजूने मत दिलेत? त्या म्हणाल्या, बाजूने. नाही तर हे घर विकून कुठेतरी लांब जावे लागले असते. मग थोडे थांबून म्हणाल्या, त्याच उन्हाळ्यात आमच्या शाळेचे सुट्टीतले वर्ग रद्द झाले. मीच शिकवत असे ते.

या दोन वाक्यांत सगळा हिशेब आला. मालमत्ता कराचे उत्पन्न एका फटक्यात निम्म्याहून खाली आले. राज्याने शिल्लक रकमेतून शाळा, गावे आणि काउंट्या सावरल्या, पण त्याबरोबर किल्ल्याही आपल्याकडे घेतल्या. उरलेला एक टक्का कोणाला किती वाटायचा हे राजधानी सॅक्रामेंटोत ठरू लागले. सरकारचा हात आखडावा म्हणून दिलेल्या मतांमुळे निर्णय गावातून उठून राजधानीत गेला. आणि जुन्या रहिवाशाला मिळालेल्या सवलतीची भर नव्याने घर घेणाऱ्यावर पडली, म्हणजे माझ्या मुलासारख्यांवर. हा भेदभाव आहे म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९९२ मध्ये न्यायालयाने आठ विरुद्ध एक मताने तो वैध ठरवला.

तेव्हापासून तिथल्या पुढाऱ्यांनी या विषयाची धास्तीच घेतली आहे. २००३ साली गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांना परत बोलावण्याची निवडणूक झाली. त्यात वाढलेल्या मोटार कराचा राग मोठा होता. अर्नोल्ड श्वार्झनेगर उभे होते आणि उद्योगपती वॉरन बफे त्यांचे सल्लागार. बफे यांनी जाहीरपणे सांगितले की, नेब्रास्कातल्या आपल्या पाच लाख डॉलरच्या घराला चौदा हजारांवर कर आहे आणि कॅलिफोर्नियातल्या चाळीस लाखांच्या घराला जेमतेम सव्वादोन हजार. आकडे खरे होते. पण उमेदवाराने तातडीने हात झटकले, आणि पुन्हा हा विषय काढलात तर पाचशे उठाबशा काढायला लावीन, असा विनोद केला. ते निवडून आले. २०२० मध्ये फक्त व्यापारी मालमत्तांना बाजारभाव लावण्याचा प्रस्ताव आला, तोही सुमारे ५२ टक्के मतदारांनी नाकारला.

मला यातून एक गोष्ट उमगली. त्या मतदारांना आकड्यापेक्षा अनिश्चिततेने जास्त छळले होते. वर्षाला दोन टक्के, या शब्दांनी त्यांना माझ्या खिडकीवरच्या प्रश्नाचे उत्तर दिले. किंमत जबर होती, पण उत्तर होते.

आपल्याकडे काय होते? नगरपरिषदांनी दर चार वर्षांनी फेरआकारणी करावी असा नियम आहे. माझ्या नोकरीत निवडणूक जवळ आली की ती पुढे ढकलली जाई. मग साचलेली वाढ एकदम अंगावर येई आणि मोर्चा निघे. पुण्यात राहत्या घरांना १९७० पासून चाळीस टक्के सवलत होती. २०१८ मध्ये राज्य सरकारने ती काढली आणि २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने परत दिली. महापालिकेच्या सभागृहाची मुदत २०२२ मध्येच संपली होती, प्रशासक कारभार पाहत होते. मुंबईतल्या पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांची करमाफीही २०२२ मध्ये राज्याच्याच निर्णयाने झाली. सवलतीला माझा विरोध नाही. लहान घराला ती मिळावीच. पण कर गावचा आणि निर्णय मंत्रालयाचा, असे झाले की नळाला पाणी आले नाही तर जाब कोणाला विचारायचा?

म्हणून मत मागायला येणाऱ्याला "किती माफ कराल?" एवढेच विचारून थांबू नये. पुढची पाच वर्षे किती येईल, आणि जे माफ होईल त्याची भर कोण घालील, हेही विचारावे. आणि फेरआकारणीची यादी लागली की हरकतींच्या मुदतीत जरूर जावे. मी असताना त्या सुनावण्यांना मोजकेच लोक येत, तेही आपापल्या घरापुरते बोलत.

परवा मी घरपट्टी भरायला माझ्याच जुन्या खिडकीवर गेलो होतो. आता तिथे संगणक आहे, पावती छापून मिळते. पलीकडे बसलेल्या मुलाला मी विचारले, "पुढच्या वर्षी किती येईल रे?" तो हसून म्हणाला, "काका, तुम्हाला तर माहीत आहे."