सातवाहन संपले, मग माणसं कुठे गेली? कर्जतच्या कोंढाणे लेण्यात सापडतं उत्तर

21 डिसेंबर 2012 आठवतंय का? मायन कॅलेंडर संपतंय, म्हणजे जग बुडणार, अशी अफवा तेव्हा जगभर पसरली होती. जग काही बुडालं नाही. पण ‘लुप्त झालेले माया लोक’ हे शब्द मात्र डोक्यात बसले.

खरं तर माया लोक लुप्त झालेच नाहीत. नवव्या शतकात दुष्काळ आणि आपसातल्या लढायांमुळे त्यांची दक्षिणेकडची मोठी शहरं ओस पडत गेली. टिकाल या शहरातला तारीख कोरलेला शेवटचा शिलास्तंभ इ.स. 869 चा. राजे गेले, शेतकरी राहिले. शेवटचं माया राज्य स्पॅनिशांनी जिंकलं ते थेट 1697 मध्ये. आजही ग्वाटेमाला आणि मेक्सिकोत लाखो लोक घरात माया भाषा बोलतात.

आता आपल्याकडे येऊ. कर्जत तालुक्यातली पोशीर नदी पुढे उल्हासला मिळते. याच उल्हासच्या वरच्या अंगाला, राजमाचीच्या पायथ्याशी कोंढाणे लेणी आहेत. पावसाळ्यात लेण्यावरून पाणी पडतं आणि तो व्हिडिओ तुमच्याही फोनवर येतो.

व्हिडिओत सहसा दिसत नाही ती गोष्ट चैत्यगृहाच्या डाव्या बाजूला आहे. तिथं एका भव्य मूर्तीचं तुटकं डोकं उरलंय आणि खांद्याजवळ ब्राह्मीत एक ओळ कोरलीये: ‘कण्हस अंतेवासिना बलकेन कतं’. म्हणजे कण्हाचा शिष्य बलक याने केलं. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं काम आहे आणि करणाऱ्याचं नाव त्यावर आहे. आपल्या जुन्या कलेत हे फार क्वचित घडतं.

ही लेणी इथंच का? कारण कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरांतला माल याच भागातून घाट चढून कार्ले-भाजेकडे आणि पुढे देशावर जायचा. रोमन जगाशी व्यापार चालायचा आणि वाटेवरच्या भिक्खूंना व्यापारी दान द्यायचे. घाटावर सत्ता पैठणच्या सातवाहनांची. बंदरांसाठी त्यांची क्षत्रपांशी जुंपली. 1906 मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभीला नहपान क्षत्रपाची 13 हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली. त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा आपला ठसा मारलेला होता. हरलेल्याचा पैसाही आपल्या नावावर!

पण तिसऱ्या शतकात सातवाहनांचं राज्य फुटलं. रोमन व्यापारही आटत गेला. पुढे काही शतकांत लेण्यांतले भिक्खू गेले, ब्राह्मी वाचणारं कुणी उरलं नाही. मग अशा लेण्यांना लोक ‘पांडवलेणी’ म्हणू लागले. इतकं मोठं काम साध्या माणसांनी केलं असेल, हे पटेना. ब्राह्मी पुन्हा वाचता आली ती 1837 मध्ये, जेम्स प्रिन्सेपमुळे.

गंमत अशी की विसरलेली ती लिपी आपण वापरतच होतो. ब्राह्मी बदलत बदलत तिची देवनागरी झाली, म्हणजे हा लेखही तिच्याच नातवंडांत लिहिलाय. लेखातली भाषा प्राकृत. सातवाहनांच्या काळातल्या प्राकृतातूनच पुढे मराठी घडली. 2024 मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हाही नाणेघाटातला सातवाहनांचा शिलालेख आणि हाल राजाची गाथासप्तशती हे पुरावे पुढे होते.

धर्माचं म्हणाल, तर इथं खंड मोठा पडला, हे मान्य करायला हवं. पण 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात डॉ. आंबेडकरांनी लाखो लोकांसह धम्म स्वीकारला आणि ओसाड पडलेल्या लेण्यांकडे वारसा म्हणून पाहणारी माणसं परत आली.

कोंढाण्याला गेलात तर धबधब्याखाली भिजून झाल्यावर त्या तुटक्या डोक्यापाशी थांबा. फक्त ओळीवर हात फिरवू नका, दगड झिजतो. ‘कण्ह’ म्हणजे आपला कान्हा. आणि ‘कतं’ म्हणजे केलं.