पेल्यावरचे नाव जपताना

आपल्या घरांत भांड्यावर नाव घालण्याची रीत जुनी आहे. निकाहात मामूंनी दिलेली परात, फुफूने दिलेला हंडा, दोस्तमंडळींनी वर्गणी काढून आणलेला ताटांचा संच, अशा प्रत्येक भांड्यावर देणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख असायची. भांड्यांच्या दुकानात एका कोपऱ्यात नाव घालणारा बसे. त्याच्या हातातले यंत्र टर्रर्र वाजत राही आणि टिंबाटिंबांची अक्षरे उमटत. अक्षर फार सुबक नसे, पण वर्षानुवर्षे राखेने घासले तरी ते पुसले जात नसे. यंत्राची सुई पत्र्यात खरोखरच खळगे पाडत असे.

आता त्या सुईची जागा लेझरने घेतली आहे. स्टीलच्या पेल्यावर, झाकणाच्या टंबलरवर देवनागरी, उर्दू, इंग्रजी हवे ते अक्षर मिनिटा-दोन मिनिटांत निघते. दुलहा-दुलहनची नावे घालून भेट दिली जाते. मरहूम आईवडिलांच्या नावाने दोन-चार डझन पेले इफ्तारसाठी मशिदीत ठेवले जातात. अक्षर देखणे असते, पण काही महिन्यांत ते फिकटते किंवा त्यात तांबूस डाग दिसू लागतात. मग घरात कुरबूर सुरू होते, की दुकानदाराने खोटे स्टील दिले. तसे कधी कधी असतेही. पण बरेचदा दोष स्टीलचा नसून आपल्या घासण्याचा असतो.

स्टेनलेस स्टील गंजत नाही याचे कारण त्यातला क्रोमियम. तो किमान साडेदहा टक्के असावा लागतो. चांगल्या भांड्यांच्या ३०४ प्रतीच्या स्टीलमध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. हवेतल्या प्राणवायूशी मिळून क्रोमियम पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारा पातळ थर तयार करतो. हा थरच भांड्याचे कवच. ओरखडा पडला तरी स्वच्छ, कोरड्या हवेत तो पुन्हा धरतो. मात्र मीठ आणि क्लोरीन त्याचे वैरी आहेत. लेझरच्या उष्णतेनेही अक्षरांच्या जागी हे कवच दुबळे होते. म्हणून गंज आधी नावातच दिसतो.

घासण्याआधी आपल्या पेल्यावरचे अक्षर कोणत्या जातीचे आहे ते ओळखावे. त्यावरून अलगद नख फिरवले की कळते.

नख अडखळले आणि अक्षर खडबडीत, पांढुरके किंवा करडे दिसले, तर ते कोरलेले आहे. लेझरने तिथला धातू काढून टाकलेला असतो. हे अक्षर टिकाऊ, पण त्याच्या खाचांत साबण आणि मीठ अडकून राहते.

अक्षर काळे किंवा गडद तपकिरी असून नखाला काहीच लागले नाही, तर ते तापवून काळे केलेले आहे. इथे धातू निघालेला नसतो, फक्त उष्णतेने पृष्ठभागाचा रंग बदललेला असतो. दिसायला हे सर्वांत सुंदर आणि जपायला सर्वांत नाजूक. पॉलिशने आणि आंबट पदार्थाने ते पुसट होते. काही ठिकाणी काळा लेप फवारून त्यावर लेझर मारतात. ते अक्षर किंचित वर आलेले लागते. त्यालाही तारेची घासणी चालत नाही.

तिसरा प्रकार रंगीत टंबलरचा. तिथे लेझर वरचा रंग उडवते आणि खालचे चंदेरी स्टील अक्षर बनून दिसते. हे अक्षर फिकटत नाही, पण कडेचा रंग खरवडला गेला की नावाचा आकार बिघडतो.

रोजच्या धुण्याला तिन्ही प्रकारांना एकच नियम लावावा. कोमट पाणी, भांड्यांचा पातळ साबण आणि मऊ स्पंज. राख, माती, लोखंडी तारेची घासणी नको. तारेचे बारीक कण स्टीलमध्ये रुतून बसतात आणि तेच पुढे गंजतात. कोरलेल्या अक्षरावरून जुना मऊ टूथब्रश फिरवावा, भरपूर पाण्याने खळबळावे आणि लगेच सुती फडक्याने कोरडे करावे. हे पुसणेच खरे महत्त्वाचे. कोकणपट्टीत हवेतच खार असतो आणि काही विहिरींचे पाणीही मचूळ असते. तिथे पेला ओला पालथा घालून ठेवला की डाग पडलाच म्हणून समजा. सोलकढी, मीठ घातलेले सरबत किंवा ताक स्टीलच्या पेल्यात रात्रभर राहू देऊ नये.

आतून चहाचा थर बसला असेल तर एक चमचा खाण्याचा सोडा टाकून गरम पाणी भरावे, तासाभराने स्पंजने घासावे. झाकणाचे रबर काढून वेगळे धुवावे, वास तिथेच धरतो. दुहेरी भिंतीचा टंबलर गॅसवर कधीही ठेवू नये. त्याच्या भिंतींमधली पोकळी बंद असते, तापल्यावर तो फुटू शकतो.

क्षाराचे पांढरे डाग पडले असतील तर फडके व्हिनेगरमध्ये भिजवून फक्त डागावर फिरवावे आणि लगेच धुवावे. काळ्या अक्षरापासून हे फडके दूर ठेवावे. कोरलेल्या अक्षरात गंज दिसला तर आधी सोडा आणि पाण्याचा लगदा करून टूथब्रशने घासून पाहावे. तेवढ्याने गेला नाही तर ग्लासभर कोमट पाण्यात चहाचा एक चमचा लिंबूफूल विरघळवावे, त्यात भिजवलेले फडके दहा-पंधरा मिनिटे अक्षरावर ठेवावे, मग स्वच्छ धुऊन कोरडे करावे.

संडास धुण्याचे अ‍ॅसिड आणि कपड्यांचे ब्लीच यांचा पेल्याशी संबंध येऊ देऊ नये. दोन्ही स्टीलचे कवच खातात. शिवाय ब्लीच आणि व्हिनेगर किंवा अ‍ॅसिड एकत्र आले तर विषारी क्लोरीन वायू निघतो.

चकाकी हवी असेल तर स्टीलचे पॉलिश फक्त बाहेरून, तेही नाव सोडून लावावे. रेघारेघांच्या मंद झिलईच्या पेल्यावर रेघांच्या दिशेनेच हात फिरवावा, गोल गोल घासले की चरे उमटतात. नंतर साबणाने धुणे आवश्यक. नुसते बोटांचे ठसे घालवायचे असतील तर फडक्यावर खाण्याच्या तेलाचे दोन थेंब पुरतात. ते पुसून कोरड्या फडक्याने कोरडे केले की झाले.

मशिदीसाठी किंवा जमातीच्या भांड्यांसाठी पेले द्यायचे असतील तर दुकानात आधीच सांगावे, की नाव कोरून हवे, नुसते काळे करून नको. ते पेले अनेक हातांनी, घाईघाईत धुतले जाणार असतात. नाव ओठ लागतात त्या कडेपासून खाली असावे. सगळे पेले करून घेण्याआधी एक नमुना घ्यावा आणि आठवडाभर घरी वापरून पाहावा.

आणखी एक विचार करावा. हौसेने काही जण पेल्यावर आयत घालून घेतात. पण वापरातला पेला उष्टा होतो, खरकट्यात पडतो, उद्या भंगारातही जातो. पाक कलामाचा अदब तिथे राखायचा कसा? तो भिंतीवरच्या चौकटीत शोभतो. पेल्यावर माणसाचे नाव पुरे.

आणि त्या नावाची किंमत कमी समजू नये. आपल्या कितीतरी नानी-दादींचे नाव ना सातबाऱ्यावर आहे, ना दाराच्या पाटीवर. ते सापडते एखाद्या परातीच्या काठावर, टिंबाटिंबांत लिहिलेले. आज आपण लेझरने लिहितो ते नाव पुढच्या पिढीला वाचता यायला हवे असेल, तर मऊ स्पंज आणि कोरडे फडके हाताशी ठेवावे. आणि जो कोणी भांडी धुतो, घरातला असो वा मदतीला येणारा, त्याला या नावाचे मोल एकदा समजावून सांगावे.