मोडलेल्या रेघेची लिपी

चपट्या निबेचा टाक साधारण 45 अंशांत धरायचा. आधी शंकरपाळ्याच्या आकाराचा छोटा ठसा, त्याच्याखाली सरळ उतरणारी जाड रेघ आणि तळाला पुन्हा तसाच ठसा. एवढे साधले की गॉथिक ब्लॅकलेटर लिपीचा निम्मा अभ्यास झाला, कारण तिच्यातली आय, एन, एम, यू ही अक्षरे म्हणजे हीच रेघ एकदा, दोनदा किंवा तीनदा. बोरूने लिहिलेल्या हाताला निब परकी वाटत नाही, पण वळण दिसले की हात आपोआप गोल फिरतो. इथे तो थांबवून वळणाचा कोन करावा लागतो.

ब्लॅकलेटरच्या या सर्वात कडक प्रकाराला टेक्स्टुरा म्हणतात. रेघ जेवढी जाड, जवळपास तेवढीच दोन रेघांमधली मोकळी जागा. त्यामुळे पान दुरून विणलेल्या कापडासारखे एकसंध दिसते. वाचायला मात्र त्रास. ‘मिनिमुम’ हा लॅटिन शब्द लिहिला तर एकसारख्या 15 रेघा उभ्या राहतात. त्यातला आय सापडावा म्हणून लेखनिक त्याच्या डोक्यावर बारीक तिरपी रेघ ओढू लागले. आजचा आयवरचा ठिपका हा तिचाच वंशज.

बाराव्या शतकात उत्तर फ्रान्सच्या आसपास सम्राट शार्लमेनच्या काळातली गोलसर अक्षरे आवळत, टोकदार होत गेली. विद्यापीठांमुळे पुस्तकांची मागणी वाढली, चर्मपत्र महाग, म्हणून अक्षरे दाटली, असे कारण नेहमी दिले जाते. मला ते अपुरे वाटते. श्रीमंतांच्या प्रार्थनाग्रंथांत हीच लिपी मोठमोठ्या अक्षरांत, ऐसपैस समास सोडून लिहिलेली आहे. तिथे काटकसर कसली? त्या लोकांना हे रूप आवडत होते, एवढेच.

टेक्स्टुरातही चैन होती. क्वाद्राता या प्रकारात रेघेच्या तळाला शंकरपाळा येतो. प्रेसिस्सा प्रकारात पाय सुरीने कापल्यासारखा सपाट. हा सपाट पाय सरळ ओढून मिळत नाही. लेखणी शेवटच्या क्षणी फिरवावी लागते किंवा निबेच्या कोपऱ्याने उरलेला त्रिकोण भरावा लागतो, आणि हे प्रत्येक रेघेला. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीचा इंग्लंडमधला ‘क्वीन मेरी सॉल्टर’ हा स्तोत्रग्रंथ असा लिहिलेला आहे. माइन्झमध्ये 1455च्या सुमारास गुटेनबर्गने 42 ओळींचे बायबल छापले, तेव्हा त्याने टेक्स्टुराचीच नक्कल केली आणि त्यासाठी सुमारे 290 वेगवेगळे खिळे पाडले. ओळीची लांबी जुळवायला लेखनिक अरुंद अक्षरे आणि जोडअक्षरे वापरत. ती सगळी त्याला हवी होती.

इटलीने हा काटेरीपणा पुरता कधीच स्वीकारला नाही. तिथल्या रोटुंडाची अक्षरे रुंद आणि गोल. एकाच घोडीवर ठेवलेल्या भल्यामोठ्या पोथीतून अख्खा गायकवृंद गात असे, तिथे ती शोभते. तरीही कवी पेत्रार्कने 1366मध्ये लेखक बोकाचोला लिहिलेल्या पत्रात, त्या काळची अक्षरे लांबून मोहक पण जवळून डोळे शिणवणारी आहेत, अशी तक्रार केलीच.

घाईच्या हातातून बास्तार्दा आली. जर्मनीतली श्वाबाखर तिच्याच घराण्यातली, जराशी गुबगुबीत. धर्मसुधारक लूथरचा 1522चा नवा करार तिच्यात छापला.

फ्राक्टुर मात्र दरबारी. सम्राट मॅक्सिमिलियनसाठी 1513चा प्रार्थनाग्रंथ आणि 1517चे ‘टॉयरडांक’ हे काव्य योहान श्योनस्पेर्गरने छापले. ‘टॉयरडांक’मध्ये ओळींबाहेर झेपावणारे फराटे इतके मोकळे आहेत, की हे खिळे नसून लाकडी ठसे असावेत असा संशय पुढे घेतला गेला. फ्राक्टुरच्या रेघा काही मोडलेल्या, काही वळलेल्या. मोठ्या अक्षरांच्या सुरुवातीच्या वेलांटीला जर्मन लोक चक्क हत्तीची सोंड म्हणतात. सगळ्या प्रकारांत हाताला सर्वात जास्त खेळवणारा हाच.

जर्मनीत फ्राक्टुर विसाव्या शतकापर्यंत रोजच्या छपाईत होती. आज अनेकजण तिला नाझींची लिपी समजतात, पण 3 जानेवारी 1941 रोजी नाझी नेता बोरमानने परिपत्रक काढून तिचा वापर थांबवायला सांगितले ते नाझी राजवटीतच. कारण काय, तर ही ‘ज्यूंची श्वाबाखर अक्षरे’. या दाव्याला इतिहासात काडीचा आधार नाही. परिपत्रकाच्या कागदाचा छापील मथळा त्याच वळणाचा होता, हे लिहिणाऱ्याला खटकलेले दिसत नाही.

आपल्याकडे ही अक्षरे ‘ओल्ड इंग्लिश’ या नावाने प्रमाणपत्रांवर भेटतात आणि पुष्कळदा अख्खे नाव मोठ्या अक्षरांत बसवलेले असते. ती अक्षरे शब्दाच्या तोंडाशी एकटी उभी राहण्यासाठी घडवलेली. सात-आठ सोंडा एकमेकींत गुंतल्या, की प्रमाणपत्र कोणाचे हे खालच्या टंकलिखित ओळीत शोधावे लागते.