सरकारला सॉफ्टवेअर विकायचे आहे? मग आधी आपण कारागीर की दुकानदार ते ठरवा

सरकारी कार्यालयाला माल विकायचा म्हणजे ओळख पाहिजे, चिठ्ठी पाहिजे आणि हेलपाटे घालायची तयारी पाहिजे, असा समज आपल्या बाजारपेठेत अजून पक्का आहे. कागद-स्टेशनरी, गणवेश, फर्निचर यांच्या व्यापाऱ्यांनी तो अनुभव घेतलेलाही आहे. परंतु गेल्या काही वर्षांत सरकारी खरेदीचा मोठा भाग इंटरनेटवरील एका बाजारात गेला आहे आणि त्या बाजारात खुर्च्या-टेबलांबरोबर सॉफ्टवेअरही विकले जाते. आपल्या घरांतील कितीतरी मुले आज संगणकाचे शिक्षण घेऊन हिशेबाचे, दवाखान्याचे, शाळेचे प्रोग्रॅम तयार करतात आणि ओळखीच्या दुकानदाराला दोन-पाच हजारांत देऊन मोकळी होतात. त्यांना व त्यांच्या वडीलधाऱ्यांना या बाजाराची रीत समजावी म्हणून हा लेख.

या बाजाराचे नाव 'गव्हर्नमेंट ई-मार्केटप्लेस', बोलीभाषेत 'जेम'. केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने तो ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू केला. पूर्वी केंद्र सरकारची खरेदी डीजीएस अँड डी या जुन्या खात्यामार्फत चाले. ते खाते ऑक्टोबर २०१७ अखेर बंद करण्यात आले. २०१७ च्या सर्वसाधारण वित्त नियमांतील १४९ व्या नियमाने केंद्रीय खात्यांना एक बंधन घातले आहे: जी वस्तू किंवा सेवा जेमवर मिळते ती तेथूनच घ्यायची. राज्यांची खातीही तेथे खरेदी करतात. मात्र महाराष्ट्र शासनाच्या निविदा 'महाटेंडर्स' या वेगळ्या पोर्टलवरही निघत असतात, म्हणून दोन्हीकडे लक्ष ठेवावे लागते.

आता 'क्लाउड' म्हणजे काय ते थोडक्यात. पूर्वी प्रोग्रॅम सीडीवर देत, तो गिऱ्हाइकाच्या संगणकात बसवला की काम संपले. क्लाउडवरचा प्रोग्रॅम दूरच्या मोठ्या संगणक-केंद्रात चालतो आणि कार्यालय तो इंटरनेटवरून वापरते. मंडपवाला जसा मंडप विकत नाही, भाड्याने देतो, आणि वारा सुटला तर बांबू सांभाळायला त्यालाच धावावे लागते, तसा हा व्यवहार आहे. विकला जातो तो प्रोग्रॅम नव्हे, तर दोन-तीन वर्षांची चाकरी. जेमवर तयार सॉफ्टवेअरचे परवाने वस्तू म्हणून, तर क्लाउड आणि खास तयार करून द्यायची कामे सेवा म्हणून खरेदी होतात. ब्रिटनने २०१२ साली 'जी-क्लाउड' नावाने सरकारी खात्यांसाठी असाच बाजार उघडला होता. लहान कंपन्यांना मोठ्यांच्या शेजारी आपला भाव लावता यावा हा त्यामागील एक हेतू होता. आपल्याकडेही कल्पना तीच, अटी मात्र आपल्या.

या अटींतील पहिली आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. सूक्ष्म व लघु उद्योगांकडून खरेदी करण्याचे सरकारी धोरण २०१२ सालचे आहे. आधी २० टक्के असलेला वाटा एप्रिल २०१९ पासून २५ टक्के झाला. त्यात ३ टक्के महिलांच्या उद्योगांसाठी आहेत. पण हा वाटा माल बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला आहे, व्यापाऱ्याला नाही. जुलै २०२१ मध्ये किरकोळ व घाऊक व्यापाऱ्यांना 'उद्यम' नोंदणीची मुभा मिळाली, ती केवळ बँकांच्या अग्रक्रम कर्जापुरती. खिशात उद्यमचा कागद आहे म्हणून सवलत मिळेलच, हा समज चुकीचा आहे.

उदाहरण घ्या. एखाद्याचे कॉम्प्युटर विक्रीचे दुकान आहे व त्याची उद्यम नोंदणी व्यापार म्हणून झालेली आहे. मुलगा मागच्या खोलीत बसून स्वतः प्रोग्रॅम लिहितो. त्याच नोंदणीवर तो जेमवर उतरला तर तो दुकानदार ठरतो. कंपनीचा प्रोग्रॅम विकायचा तर त्याला त्या कंपनीचे अधिकारपत्र मागितले जाते आणि लघु उद्योगाची सवलत मिळत नाही. तोच मुलगा संगणक प्रोग्रॅमिंगची सेवा म्हणून, म्हणजे उद्यमच्या अर्जातील ६२ क्रमांकाच्या गटात, नोंदला गेला तर तो कारागीर ठरतो. सूत दुसऱ्याचे की आपले, माग आपला की भाड्याचा, हा भेद भिवंडी-मालेगावच्या माणसाला नव्याने सांगायला नको.

कारागीर ठरल्याचा लाभ किती? समजा, सर्वांत कमी बोली एका मोठ्या कंपनीची १० लाखांची आली आणि आपली ११ लाख ५० हजारांची. आपली बोली १५ टक्क्यांच्या आत असल्याने आपल्याला १० लाखांच्या भावात काम करायची संधी विचारली जाते. खरेदी विभागता येत असेल तर त्यातील चौथा हिस्सा मिळतो. प्रोग्रॅमसारखे काम तोडून दोघांना देता येत नाही, तेव्हा सगळेच काम मिळू शकते. शिवाय बोलीबरोबर भरायच्या बयाणा रकमेतून सूट असते. उलाढाल व जुन्या अनुभवाच्या अटीत सूट देणे मात्र खरेदीदाराच्या मर्जीवर आहे, ते प्रत्येक बोलीच्या कागदात पाहावे. काम मिळाल्यावरची सुरक्षा ठेव तर लघु उद्योगालाही चुकत नाही. मागितली असेल तेथे ती साधारण ३ ते ५ टक्के असते व मुदत संपेपर्यंत अडकून राहते.

भारतात बनलेल्या मालाला प्राधान्य देणाऱ्या २०१७ च्या आदेशाखाली आपल्या मालात किती हिस्सा देशी आहे याचे प्रतिज्ञापत्रही द्यावे लागते. ५० टक्के किंवा अधिक असेल तर पहिला वर्ग. परदेशी प्रोग्रॅमवर आपले नाव चिकटवून हा आकडा ठोकून देऊ नये. खोटे निघाले तर दोन वर्षांपर्यंत सरकारी खरेदीतून बाहेर काढले जाते.

छोट्या खरेदीचे नियम सोपे आहेत. २०१७ च्या नियमांत ५० हजारांपर्यंत थेट खरेदी, त्यावर ३० लाखांपर्यंत किमान तीन उत्पादकांच्या भावांची तुलना आणि त्यापुढे बोली, अशी पायरी होती. या मर्यादा पुढे बदलत गेल्या आहेत, म्हणून चालू आकडा पोर्टलवर पाहावा. ऑगस्ट २०२४ मधील बदलानुसार १० लाखांपर्यंतच्या ऑर्डरवर विक्रेत्याला जेमचा आकार नाही, त्यावर १० कोटींपर्यंत ०.३० टक्के आहे. उद्यमची नोंदणी फुकट आहे आणि जेमवर खातेही स्वतःच उघडता येते. हजारो रुपये घेऊन 'सरकारी ऑर्डर मिळवून देतो' म्हणणाऱ्या दलालांची येथे काहीही गरज नाही.

खरे नुकसान होते ते भाव लावताना. जेमवर भाव करासकट लिहायचा असतो. समजा, तीन वर्षांसाठी ३,५४,००० रुपये लावले. त्यातले ५४,००० जीएसटीचे, उरले ३ लाख. क्लाउडचे भाडे महिना ४,००० धरले तर ३६ महिन्यांचे १,४४,०००. सुरक्षा तपासणीला ५०,००० धरा. हातात राहिले १,०६,०००, म्हणजे महिन्याला तीन हजारांहून कमी. आणि या रकमेत तीन वर्षे कार्यालयाचा फोन उचलायचा आहे, नवा कारकून आला की शिकवायचे आहे, नियम बदलला की प्रोग्रॅम बदलायचा आहे. वर क्लाउडचे भाडे वापराप्रमाणे वाढते, आपला भाव मात्र ठरलेला. उलट्या लिलावात, जेथे बोली चढत नाही तर उतरत जाते, समोरचा हजाराने उतरला की आपणही उतरायचे, असे करणारा हे गणित विसरतो. म्हणून तळाचा आकडा लिलाव सुरू होण्याआधीच कागदावर लिहून समोर ठेवावा. काम घेऊन मागे फिरणाऱ्याचे खाते निलंबित होऊ शकते.

सुरक्षेच्या अटी नीट वाचाव्यात. सरकारी माहिती देशातील संगणक-केंद्रातच राहिली पाहिजे आणि ते क्लाउड केंद्रीय इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाच्या मान्य यादीतील असले पाहिजे, अशी अट असते. सर्वांत स्वस्त परदेशी सर्व्हरवर प्रोग्रॅम बसवून भाव लावला आणि मग ही अट दिसली तर वरचा हिशेब कोलमडतो. प्रोग्रॅमची तपासणी 'सर्ट-इन'च्या यादीतील तपासनीसाकडून करून घ्यायची की कसे आणि खर्च कोणाचा, तेही बोलीच्या कागदात पाहावे. शंका असल्यास बोलीची मुदत संपण्याआधी पोर्टलवरच लेखी विचारावे. फोनवरचे उत्तर पुढे उपयोगी पडत नाही.

आणखी एक कलम मालकीचे. खास त्यांच्यासाठी बनवलेल्या प्रोग्रॅमचा मूळ कोड व हक्क खात्याकडे जाईल असे लिहिलेले असेल, तर तोच प्रोग्रॅम उद्या दुसऱ्या नगरपालिकेला विकता येणार नाही. ज्याचा प्रोग्रॅम आधीच तयार आहे त्याने तो परवान्यावर द्यावा, असे आम्ही सुचवू. मुदत संपल्यावर कार्यालयाची माहिती त्यांच्या ताब्यात कशी द्यायची, हेही करारातच ठरलेले बरे.

पैसे कधी मिळतात, हा प्रश्न प्रत्येक जण पहिला विचारतो. काम पोचल्यावर खरेदीदाराने पोर्टलवर स्वीकृतीचा दाखला द्यायचा आणि त्यानंतर १० दिवसांत रक्कम द्यायची, असा जेमचा नियम आहे. सेवेच्या कामात बिल महिन्याला की तिमाहीला, ते करारात असते, म्हणजे निदान एक हप्ता आपल्या खिशातून काम चालवण्याची तयारी हवी. अडीच लाखांवरच्या करारात खाते जीएसटीपोटी २ टक्के कापून घेते. ती रक्कम आपल्या जीएसटी खात्यात जमा दिसते, बुडत नाही, पण हातात रोकड तेवढी कमी येते.

दाखलाच दिला नाही किंवा दाखल्यानंतरही पैसे अडले तर २००६ चा लघु उद्योग कायदा मदतीला आहे. लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे रक्कम थकवता येत नाही. पोचलेल्या कामावर १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर ते स्वीकारले गेले असे धरतात. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ आकारणीची तरतूद आहे. त्याची तक्रार ऑनलाइन करता येते व ती राज्याच्या सुविधा परिषदेपुढे जाते. मात्र येथेही तीच गाठ आहे: उद्यम नोंदणी करार होण्याआधीची आणि योग्य गटातील असावी. ऑर्डर हातात पडल्यावर केलेल्या नोंदणीवर हा दावा टिकणे कठीण. तेव्हा ज्यांच्या घरी असा प्रोग्रॅम तयार आहे त्यांनी उद्यमचा कागद आजच काढून त्यावर 'सेवा' लिहिले आहे की 'व्यापार', एवढे पाहून घ्यावे. नसेल तर त्याच पोर्टलवर नोंदणीत नवा गट जोडता येतो.