गोठ्यातला घटसर्प, घरातला घटसर्प

पाटण तालुक्यातल्या आमच्या गावी मे महिन्याच्या अखेरीला एक काम कधी चुकत नसे. पाऊस लागायच्या आत जनावरांचे डॉक्टर यायचे आणि वाडीतली सगळी गुरं चावडीपुढे गोळा व्हायची. चुलते एकेका बैलाची वेसण धरून उभे राहात. लस असे घटसर्पाची आणि फऱ्याची. चुलते शिकले चौथीपर्यंत, पण ‘गेल्या साली टोचलंय की, आता परत कशाला?’ असं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. लसीचा जोर उतरतो आणि तो पुन्हा चढवावा लागतो, हे त्यांना गोठ्यानंच शिकवलं होतं.

जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी आम्ही लालबागच्या चाळीत परत यायचो. तिथे घटसर्प हा शब्द कुणी उच्चारत नसे. माणसालाही घटसर्प होतो आणि त्याची लस आपल्याला बाळपणी टोचलेली असते, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. त्या लसीचाही जोर उतरतो, हे तर त्याहून उशिरा.

एक गोष्ट आधी स्पष्ट करते. गुरांचा घटसर्प आणि माणसाचा घटसर्प हे दोन निराळे रोग आहेत. त्यांचे जंतू वेगळे, लसीही वेगळ्या, आणि गुरांकडून माणसाला हा रोग येत नाही. दोन्हींत गळा सुजतो, श्वास कोंडतो आणि फार थोड्या दिवसांत जीव जाऊ शकतो, एवढंच त्यांच्यात सारखं. माणसाच्या घटसर्पाला डॉक्टर डिप्थेरिया म्हणतात. त्या शब्दाचं मूळ चामडं या अर्थाच्या ग्रीक शब्दात आहे, कारण रुग्णाच्या घशात राखाडी-पांढरा, चामड्यासारखा चिवट पापुद्रा धरतो.

सुरुवात अगदी साधी असते: थोडा ताप, घसा दुखणं, गिळताना त्रास. लागण झाल्यापासून साधारण दोन ते पाच दिवसांत हे सुरू होतं. घरात सगळ्यांना वाटतं की गार पाणी प्यायलं असेल. मग टॉन्सिलवर तो पापुद्रा दिसू लागतो. तो पुसून निघत नाही, आणि ओढून काढायला गेलं तर रक्त येतं. म्हणून घरी कुणीही बोट घालून तो खरवडू नये. मान दोन्ही बाजूंनी बैलाच्या मानेसारखी फुगते, आवाज घोगरा होतो, श्वास घेताना आवाज येऊ लागतो. पापुद्रा श्वासनलिकेत उतरला तर मूल गुदमरतं.

पण घटसर्पाचा खरा मार घशापुरता नसतो. जंतू घशातच तळ ठोकून बसतो आणि त्याचं विष मात्र रक्तातून शरीरभर जातं. पेशीच्या आत प्रथिनं घडवण्याचं जे काम अखंड चाललेलं असतं, तेच हे विष बंद पाडतं. हृदयाच्या स्नायूला ते झोंबतं, नसांना झोंबतं. घसा सुधारला, ताप उतरला म्हणून घरचे निर्धास्त होतात आणि दुसऱ्या आठवड्यात हृदयाचे ठोके बिघडतात. काही मुलं नाकात बोलू लागतात, प्यायलेलं पाणी नाकावाटे परत येतं, कारण टाळूचे स्नायू लुळे पडलेले असतात. उपचार मिळूनही शंभरातले पाच ते दहा रुग्ण दगावतात.

विषावर उतारा आहे, आणि तो सापाच्या विषावरच्या उताऱ्यासारखाच तयार होतो. घोड्याला विषाची सोसेल इतकी मात्रा हळूहळू वाढवत देतात, त्याच्या रक्तात प्रतिविष तयार होतं आणि ते वेगळं काढून रुग्णाला टोचतात. या युक्तीचं तत्त्व 1890 मध्ये एमिल फॉन बेरिंग आणि शिबासाबुरो किटासाटो यांनी दाखवून दिली. 1901 चं वैद्यकाचं पहिलंवहिलं नोबेल बेरिंग यांना मिळालं ते याच कामासाठी. पॅरिसमध्ये एमील रू यांनी घोड्यांपासून प्रतिविष काढून 1894 मध्ये मुलांच्या रुग्णालयात वापरलं, तेव्हा तिथलं घटसर्पाच्या मृत्यूंचं प्रमाण निम्म्यावरून पावावर आलं. मात्र प्रतिविषाला एक मर्यादा आहे. रक्तात मोकळं फिरणारं विष ते बांधून ठेवतं, पेशीत शिरलेल्या विषापुढे त्याचं काही चालत नाही. म्हणून एकेक दिवस मोलाचा असतो. तपासणीचा अहवाल येण्याची वाट न पाहता, नुसता संशय आला तरी डॉक्टर प्रतिविष सुरू करतात ते याचसाठी. पेनिसिलिन किंवा एरिथ्रोमायसिन जंतू मारतं. आधीच सुटलेल्या विषावर त्याचा उपयोग होत नाही.

या रू यांच्या प्रयोगशाळेचा धागा सरळ आपल्या परळपर्यंत येतो, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. घटसर्पाचा जंतू विष सोडतो हे 1888 मध्ये रू यांच्यासोबत सिद्ध करणारे अलेक्झांडर यर्सिन पुढे प्लेगचा जंतू शोधणारे म्हणून गाजले. 1896 मध्ये मुंबईच्या मांडवीत प्लेग उतरला, डॉ. अकासियो व्हिएगास यांनी तो ओळखला, आणि 1897 मध्ये हेच यर्सिन आपलं प्लेगविरोधी सीरम घेऊन मुंबईला आले. त्या सीरमनं इथे फारसं यश दिलं नाही. पण पॅरिसच्या त्याच पाश्चर संस्थेत काम केलेले वाल्डेमार हाफकिन त्याआधीच मुंबईत पोहोचले होते. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली. ऑगस्ट 1899 मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. आज आपण तिला हाफकिन संस्था म्हणतो. सर्पदंशाच्या लसीसाठी गावोगाव जे नाव घेतलं जातं, ते हेच.

आचार्य दोंदे मार्गावरून चालत गेलं तर हाफकिन, केईएम आणि मुलांचं वाडिया रुग्णालय ही तिन्ही पाठोपाठ लागतात. चिंचपोकळीच्या बाजूला सात रस्त्याजवळ कस्तुरबा आहे, संसर्गजन्य रोगांसाठी 1892 पासून चालत आलेलं महापालिकेचं रुग्णालय. मार्च 2020 मध्ये करोनाचे मुंबईतले पहिले रुग्ण तिथेच ठेवले गेले. 2022 मध्ये गोवंडीत गोवराची साथ आली, तेव्हाही मुलं तिथेच आणली गेली. ‘कस्तुरबाला नेलं’ एवढं म्हटलं की आमच्या चाळीत गॅलरीतला आवाज बसायचा. घटसर्प ओळखणारे आणि त्याच्याशी झुंजणारे डॉक्टर लालबाग-परळच्या गिरणगावाच्या इतके जवळ आहेत. तरीही या भागातल्या किती मोठ्या माणसांना आपला शेवटचा डोस आठवतो, हे विचारून पाहा. मी माझ्या चाळीत विचारलं. मलाच माझा आठवत नव्हता.

लस कशी बनते हे समजलं की तिचा जोर का उतरतो तेही समजतं. 1923 मध्ये गास्तों रामों या फ्रेंच संशोधकानं घटसर्पाचं विष फॉर्मालिन आणि उष्णता यांनी असं बदललं, की नागाचे दात काढावेत तसा त्याचा अपाय गेला, पण शरीराला ओळख पटण्यापुरतं त्याचं रूप शिल्लक राहिलं. लस आपल्याला विषाचा चेहरा दाखवून ठेवते. वर्षं गेली की तो चेहरा पुसट होत जातो. मुलगा दहा वर्षांचा होईपर्यंत बाळपणीच्या डोसांचं संरक्षण बरंच ओसरलेलं असतं. इतकंच काय, घटसर्प होऊन बरा झालेला माणूसही कायमचा सुरक्षित होतो असं नाही. त्यालाही बरं झाल्यावर लस द्यावी लागते.

आमच्या पिढीच्या आया ‘त्रिगुणी’ म्हणायच्या: घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात या तिन्हींवर एक सुई. देशात 1978 मध्ये लसीकरणाचा विस्तारित कार्यक्रम सुरू झाला आणि 1985 पासून तो सार्वत्रिक झाला. आता बाळाला दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना पेंटाव्हॅलंट देतात. त्यात हे तिन्ही घटक आहेत, शिवाय हिपॅटायटिस बी आणि हिब. हे तीन डोस बहुतेक घरांत होतात, कारण बाळ मांडीवर असतं, आजी मागे लागते, आरोग्यसेविका दारात येते. गळती सुरू होते त्यानंतर. सोळा ते चोवीस महिन्यांतला त्रिगुणीचा बूस्टर, मग पाच ते सहा वर्षांचा दुसरा, मग दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडी, म्हणजे धनुर्वात आणि घटसर्पाची लस. कार्डावरचे हे खाने पुष्कळदा कोरे दिसतात.

यात आईबापांचा आळस कमी आणि आपल्या जगण्याची घडण जास्त आहे. गिरणगावातल्या मुलीचं पहिलं बाळंतपण माहेरी होतं, माहेर असतं सातारा नाही तर रत्नागिरीला. पहिले दोन डोस तिकडे होतात, कार्ड तिकडच्या कपाटात राहतं. दीड वर्षाचा बूस्टर नेमका गणपतीला गावी जायच्या दिवसांत येतो. चाळ पुनर्विकासाला गेली की घर डोंबिवलीला किंवा विरारला हलतं, आणि नव्या जागी कोणत्या आरोग्यकेंद्रात जायचं हे समजेपर्यंत मूल पहिलीत जातं. गिरगावातही तेच आणि दादरलाही तेच. त्यात दहा वर्षांच्या मुलाला सुई टोचून आणायची ही कल्पनाच घरात कुणाला सुचत नाही, कारण सुई ही तान्ह्या बाळाची, असं आपण धरून चाललो आहोत.

रोगानं ही फट शोधली आहे. देशात घटसर्पाचे रुग्ण आता तान्ह्या बाळांपेक्षा शाळकरी आणि त्याहून मोठ्या मुलांत जास्त दिसतात. 2018 मध्ये भारतानं जागतिक आरोग्य संघटनेला साडेआठ हजारांहून अधिक रुग्ण कळवले. त्या वर्षीच्या जगातल्या एकूण नोंदींच्या निम्म्याहून हे जास्त होते. त्याच वर्षी सप्टेंबरात दिल्लीच्या महर्षी वाल्मिकी संसर्गजन्य रोग रुग्णालयात काही आठवड्यांत वीसहून अधिक मुलं घटसर्पानं गेली, आणि प्रतिविषाच्या तुटवड्याची चर्चा देशभर झाली. हा उतारा बनवणारे थोडे आहेत, साठा मोजका असतो. तो आपल्या मुलासाठी वेळेवर मिळेलच यावर कुणी विसंबून राहू नये. मोठ्यांनाही हा रोग सोडत नाही. सोव्हिएत संघ मोडला त्या काळात, 1990 पासूनच्या दशकात, तिथे दीड लाखांहून अधिक लोकांना घटसर्प झाला, सुमारे पाच हजार दगावले, आणि रुग्णांत प्रौढांची संख्या फार मोठी होती. बाळपणीच्या लसीवर त्यांनी आयुष्य काढलं होतं.

आमच्याकडे तर दाटी हाच स्वभाव आहे. दहा बाय बाराची खोली, सामाईक गॅलरी, लोकलचा डबा, गणपतीतल्या दर्शनाच्या रांगा. हा जंतू खोकल्या-शिंकेच्या तुषारांतून पसरतो, आणि काहीच त्रास नसलेल्या माणसाच्या घशातही तो असू शकतो. घरात कुणाला घटसर्प झाला तर एकत्र राहणाऱ्या सगळ्यांनाच तपासणी करून औषध घ्यावं लागतं आणि लस पुरी करावी लागते.

तापाच्या भीतीबद्दलही बोललं पाहिजे, कारण ती खरी आहे. त्रिगुणीनंतर त्या रात्री बाळाला ताप येतो, मांडी लाल होते, कधी गाठ धरते, आणि आई रात्रभर जागी असते. तो ताप एक-दोन दिवसांत जातो. आरोग्यसेविकेनं सांगितलेल्या मात्रेत तापाचं औषध द्यावं, बाळाला पाजत राहावं. साध्या सर्दीसाठी डोस पुढे ढकलायचं कारण नाही. मधला डोस राहून गेला असेल तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, जिथे थांबलं तिथून पुढे. सात वर्षांनंतर त्रिगुणीऐवजी टीडी देतात, म्हणून ‘आता वय गेलं’ असं म्हणून कुणी परत फिरू नये.

लसीवरचा अविश्वास मुंबईला नवा नाही. 14 जून 1802 रोजी अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला याच शहरात देशातली पहिली देवीची लस टोचली गेली. ‘देवी काढणं’ हा शब्द मराठी घरांत रुळला तरी धास्ती पुढे पिढ्यान्‌पिढ्या राहिली. हाफकिन यांनीही ती भोगली. 1902 मध्ये पंजाबातल्या मलकोवाल गावी प्लेगची लस टोचलेली 19 माणसं धनुर्वातानं गेली आणि ठपका हाफकिन यांच्यावर आला. दोष लसीचा नव्हता, एका बाटलीत शिरलेल्या दूषणाचा होता, हे मान्य व्हायला 1907 उजाडलं. ज्या संस्थेला त्यांचं नाव आहे तिच्या दारावरून आपण रोज जातो, आणि प्रत्येक बाटलीची तपासणी किती कडक असली पाहिजे हे त्या 19 माणसांच्या मृत्यूंवरून कळतं. शंका असेल तर ती डॉक्टरांना मोकळेपणानं विचारावी. शंकेपायी मुलाचा डोस चुकवू नये.

मोठ्या माणसांसाठी एक सोपा मार्ग आहे. पत्रा लागला, खिळा टोचला की आपण ‘टीटी’, म्हणजे नुसती धनुर्वाताची लस, घ्यायला धावतो. 2019 च्या सुमारास सरकारी लसीकरणात टीटीची जागा टीडीनं घेतली. गरोदर बाईलाही आता टीडीच देतात. जखम झाल्यावर दवाखान्यात गेलात तर टीडी मागा, म्हणजे त्याच सुईत घटसर्पाचंही काम होईल. दर दहा वर्षांनी एक घ्यावी, असा सल्ला डॉक्टर देतात. माझी मी गेल्या महिन्यात घेतली. दंड दोन दिवस दुखला.

दिवाळीची साफसफाई करताना जुन्या ट्रंकेत, बाळाच्या दुपट्ट्यांखाली, लसीचं कार्ड सापडेल. ते परत ठेवून देऊ नका. पाच वर्षं, दहा वर्षं आणि सोळा वर्षं या तीन खान्यांत तारीख आहे का ते बघा. नसेल तर भाऊबीज झाली की मुलाला घेऊन महापालिकेच्या जवळच्या आरोग्यकेंद्रात जा. कार्ड गावी राहिलं असेल तरी जा. तिथे ही लस मोफत टोचतात.