कोकराचे वजन आणि हप्त्याची तारीख

१९८०च्या दशकाच्या मध्यास मी रायलसीमेतील एका कोरडवाहू उपविभागात नव्याने रुजू झालो होतो. एका आर्थिक वर्षाच्या अखेरीस माझ्या उपविभागातील मेंढी-कर्जांची वसुली जिल्ह्यात सर्वाधिक ठरली आणि वरिष्ठांचे प्रशंसापत्र मला मिळाले. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम २ ऑक्टोबर १९८० पासून देशाच्या सर्व विकासगटांत लागू झाला होता. त्याअंतर्गत आम्ही मेंढपाळ कुटुंबांना वीस मेंढ्या आणि एक मेंढा असा संच कर्ज व अनुदानावर देत असू. पत्र हाती पडल्यानंतर पंधरा दिवसांनी, एप्रिलमधल्या एका दुपारी, मी एका लाभार्थ्याच्या वाड्यावर गेलो. वाड्यात मेंढ्या होत्या, मात्र नर कोकरू एकही नव्हते.

‘मार्चच्या मध्यालाच विकली,’ तो वयस्क मेंढपाळ म्हणाला. ‘बारा-बारा किलोंची होती. हप्ता भरायचा होता ना, साहेब. दसऱ्यापर्यंत ठेवली असती तर दुप्पट भरली असती. तुम्ही ओंबी भरण्याआधीच पीक कापायला लावलंत.’

हे तो तेलुगूत आणि कोणताही राग न दाखवता बोलला. मी इतिहासाचा विद्यार्थी. १८७५च्या दख्खनच्या दंग्यांवर, ताठर महसूलवसुली आणि सावकारी कर्ज यांच्या नात्यावर, परीक्षेत पानेच्या पाने लिहून मी चांगले गुण मिळवले होते. हप्त्याची तारीख पीक बाजारात येण्यापूर्वी पडली, की रयत कशी नागवली जाते, हे मला ठाऊक होते. कोकरू हेही पीकच आहे, एवढे मात्र मला ठाऊक नव्हते.

त्या पिकाचे वेळापत्रक समजून घेण्याजोगे आहे. दख्खनच्या पठारावर पहिल्या पावसानंतर गवत फुटते, मेंढ्या सावरतात आणि बहुतेक कळपांत जून-जुलैत फळतात. पाच महिन्यांच्या गर्भकाळानंतर नोव्हेंबर-डिसेंबरात कोकरे जन्मतात. तेव्हा शेते मोकळी झालेली असतात. धसकटे, भुईमुगाचा पाला आणि बांधावरची उरलीसुरली हिरवळ यांवर आईचे दूध टिकते. तीन किलोंच्या आसपास जन्मलेले कोकरू मार्चपर्यंत बारा-चौदा किलोंचे होते. त्यानंतर त्याची वाढ थांबते. एप्रिल ते जून या काळात ते जेमतेम तग धरते, प्रसंगी घटतेही. पुन्हा पाऊस पडला की उन्हाळ्यात खुंटलेले जनावर झपाट्याने भरू लागते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात वीस-पंचवीस किलोंपर्यंत पोहोचते. माझ्या लाभार्थ्याकडून मार्चमध्ये कोकरे घेणाऱ्या व्यापाऱ्याला हे गणित पाठ होते. पावसाळ्यातली सगळी वाढ त्याच्या पदरात पडली आणि आमच्या कर्जाने ती त्याला मिळवून दिली.

उन्हाळ्यात वाढ का थांबते, याचे उत्तर मेंढीच्या जातीत नव्हे तर प्रामुख्याने गवतात सापडते. उष्ण कटिबंधातील गवत पावसाबरोबर फार वेगाने वाढते आणि तितक्याच वेगाने जून होते. मारवेल किंवा अंजन फुलोऱ्यापूर्वी कोवळे असते तेव्हा सकस असते. बी धरले, की त्यातील प्रथिने झपाट्याने घटतात आणि काष्ठतंतू वाढतात. चाऱ्यातील प्रथिनांचे प्रमाण सुमारे सात टक्क्यांखाली गेले, की कोठीपोटातील सूक्ष्मजीवांना पुरेसा नत्र मिळत नाही. गवत पचायला वेळ लागतो, पोट भरलेलेच राहते आणि मेंढी कमी खाते. रान गवताने भरलेले दिसते, पण मेंढी अर्धपोटी असते. भरीस भर म्हणून निकृष्ट झालेल्या रानात कुसळी माजते. तिची कुसळे लोकरीत आणि कातडीत शिरतात.

पावसाळाही निर्धोक नसतो. गवत उत्तम असते त्याच महिन्यांत जठरातील रक्तशोषक जंतांच्या अळ्या ओल्या गवताच्या बुडख्याशी दबा धरून बसतात. कोकरू पोटभर चरते आणि तरीही पांढरे पडते. म्हणजे वाढीचे मोजके महिने हाती येतात, त्यांतलेही काही जंत खातात.

हे सारे बाजूला ठेवून आपल्या धोरणाने दीर्घकाळ उत्तर शोधले ते जातीत. राजस्थानात अविकानगर येथे १९६२ साली केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था स्थापन झाली. मांसासाठी डॉर्सेट आणि सफोक मेंढ्यांचा संकर मालपुरा, सोनाडी, मंड्या, नेल्लोर अशा देशी जातींशी करून पाहण्यात आला. बांधून, खुराक घालून वाढवलेले संकरित कोकरू भरते. परंतु मेंढपाळाचे कोकरू बांधलेले नसते. ते दिवसाला कित्येक किलोमीटर चालते आणि एप्रिलचे ऊन सोसते. हा धडा शास्त्रज्ञांनी घेतला. १९९० पासूनच्या मेंढी सुधारणा प्रकल्पाचा भर देशी जातींतील निवड पैदाशीवर आहे. मराठी वाचकांना फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेचे काम परिचित असेल. सुंदरबनातील चिमुकल्या गारोल मेंढीतील जुळी देणारे जनुक तिथे दख्खनी मेंढीत आणले गेले. ते मोलाचे काम आहे. तथापि जुळ्यांना दूध पाजणाऱ्या आईला चाराही अधिक लागतो, हे त्या यशासोबतच लक्षात ठेवावे लागते. आता दक्षिण आफ्रिकेच्या डॉर्पर मेंढीची चर्चा आहे. उत्तम चाऱ्यावर तिचे कोकरू साडेतीन-चार महिन्यांत पस्तीस किलोंच्या आसपास जाते. त्या वाक्यातील ‘उत्तम चाऱ्यावर’ हे शब्द आपल्याकडे हमखास गळतात.

दुसरे उत्तर संख्येचे. २०१७ साली तेलंगणाने मोठी मेंढीवाटप योजना सुरू केली. पंचाहत्तर टक्के अनुदान आणि, मला ओळखीचा वाटावा असा, वीस मेंढ्या व एका मेंढ्याचा संच. २०१९च्या विसाव्या पशुगणनेत देशातील मेंढ्यांची संख्या ७ कोटी ४२ लाखांवर गेली. २०१२च्या तुलनेत ही वाढ सुमारे चौदा टक्के होती. तेलंगणा सुमारे १ कोटी ९० लाख मेंढ्यांसह पहिल्या क्रमांकावर आला. परंतु पशुगणना डोकी मोजते, किलो मोजत नाही. चराऊ रान तेवढेच राहिले आणि त्यावरील डोकी वाढत गेली, तर एका मर्यादेनंतर प्रत्येक डोक्यामागची वाढ घटते. मेंढपाळाला विकायची असतात ती वजने, आणि सरकारला दाखवायची असते ती संख्या. या दोहोंतील अंतर कोणत्याही अहवालात येत नाही.

रान तेवढेच राहिले असते, तरी एक वेळ चालले असते. महसुली दप्तरांनी वसाहतकाळापासून जी जमीन सारा देत नाही तिला ‘पड’ म्हटले, आणि हा शब्द आपण जसाच्या तसा वारशात घेतला. आजही केंद्राच्या पडीक जमिनींच्या नकाशात सुमारे साडेपाच कोटी हेक्टर क्षेत्र दाखवले आहे. त्यातील खुरट्या झुडपांचा मोठा भाग प्रत्यक्षात कुणाचे तरी चराऊ रान आहे. वनाच्छादनाच्या मोजणीत एक हेक्टरपेक्षा मोठे आणि दहा टक्क्यांहून अधिक वृक्षछत्र असलेले क्षेत्र जंगल ठरते. उघडे गवताळ रान त्यात बसत नाही. मग ते सुधारण्यासाठी तिथे खड्डे खणून झाडे लावली जातात, किंवा ते उद्योगाला आणि सौर प्रकल्पांना दिले जाते. सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात २८ जानेवारी २०११ रोजी दिला. पण ज्या जमिनीला शासनच रिकामी समजते, तिचे रक्षण या आदेशाने कितीसे होणार?

या संदर्भात ‘बंदिस्त मेंढीपालन करा’ हा सल्ला वारंवार दिला जातो. राष्ट्रीय पशुधन अभियानाच्या २०२१च्या सुधारित आराखड्यात पाचशे मेंढ्या व पंचवीस मेंढ्यांच्या, म्हणजे नरांच्या, प्रकल्पाला पन्नास लाखांपर्यंत भांडवली अनुदान आहे. ज्याच्याकडे जमीन, विहीर आणि बँकेत पत आहे त्याच्यासाठी ही संधी चांगली आहे. पण ज्याची मालमत्ता चार पायांवर चालते, त्याला तिथे जागा नाही. मेंढपाळ निर्दोष आहे असेही मी म्हणत नाही. रानाला विसावा न देता चराई झाली तर मारवेल जाते आणि कुसळी उरते. परंतु विसावा देण्याची शिस्त तोच पाळू शकतो, ज्याला पुढच्या वर्षीही ते रान आपल्याला मिळेल याची खात्री आहे.

करण्याजोग्या गोष्टी फार खर्चिक नाहीत. गवत फुलोऱ्यावर असताना कापून वाळवावे. बाभळीच्या शेंगा, भुईमुगाचा पाला आणि स्टायलोसारखी द्विदल चारापिके उन्हाळ्यासाठी राखावीत. एप्रिल ते जूनमध्ये कोकराला रोज मूठ-दोन मूठ पेंड मिळाली, तरी खुंटलेली वाढ बरीच सावरते. जंतनाशक पावसाच्या वेळापत्रकाप्रमाणे द्यावे. प्रत्येक पशुवैद्यकीय दवाखान्यात एक वजनकाटा असावा, म्हणजे मेंढपाळाला आपण काय विकतो आहोत हे व्यापाऱ्याच्या अंदाजावाचून कळेल. चराऊ रानाची ‘पडीक’ या सदरातून सुटका व्हावी. आणि कर्जाचा हप्ता नोव्हेंबरात असावा.

या शेवटच्या मागणीसाठी मी त्या वर्षी रीतसर टिपण पाठवले होते. आर्थिक वर्ष साऱ्या देशाचे मार्चमध्येच संपते, असे उत्तर आले. ते बिनचूक होते. जूनमध्ये माझी बदली झाली आणि मी विषय सोडून दिला. त्याची खंत आजही आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष चराऊ राने आणि पशुपालकांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले आहे. त्यानिमित्त परिसंवाद होतील, घोषणाही होतील. माझी अपेक्षा त्याहून लहान आहे. कुठल्यातरी उपविभागातील एखाद्या तरुण अधिकाऱ्याने मार्चमध्ये वसुलीचा तक्ता भरण्यापूर्वी एखाद्या वाड्यावर जावे आणि तिथली कोकरे किती किलोंची आहेत, हे विचारावे.